'तलाक झाला का?' हे नंतर. आधी छप्पर, खर्च आणि मुलांची शाळा

नवरा-बायकोचे बिनसते. बाई मुलांना घेऊन घराबाहेर पडते किंवा तिला बाहेर काढले जाते. नातेवाईक जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तलाक झाला का?" एकदा म्हणाला की तीनदा? तोंडी म्हणाला की मेसेज टाकला? साक्षीला कोण होतं? मग एक जण एका मौलानांना विचारतो, दुसरा दुसऱ्यांना, आणि दोन वेगळी मते हातात येतात. यात महिना जातो, कधी कधी वर्षसुद्धा. तोवर मुलांची फी थकलेली असते, बाई भावाच्या घरी हॉलमध्ये झोपत असते आणि भावजयीचे बोलणे तुटक झालेले असते.

तलाकचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो पहिला नाही, असे आमचे म्हणणे आहे. आज रात्री झोपायचे कुठे, महिन्याचा खर्च कोण देणार आणि मुलांच्या शाळेचे काय, हे प्रश्न आधीचे. यांच्यासाठी कायद्यात जी मदत आहे ती मागायला तलाकचा फैसला होईपर्यंत थांबावे लागत नाही. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते, म्हणून हा लेख.

गिरीजचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. वसई पश्चिमेच्या या वाड्यांच्या गावात ख्रिस्ती आणि हिंदू शेजार मोठा. सोपाऱ्यासारखी आपली जुनी, दाट वस्ती इथे नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला जमातीचा किंवा बिरादरीचा हात लगेच मिळेलच असे नसते. एक सोय मात्र आहे. तालुक्याचे कोर्ट आणि तहसील कचेरी वसईतच आहे, रिक्षाने जाऊन दुपारपर्यंत परत येता येते. जव्हार-मोखाड्याच्या बाईला हे सुख नाही.

समजा, गिरीजला भाड्याने राहणारी तिशीतली एक बाई आहे. दोन मुलं, खोलीचा लीव्ह अँड लायसन्स करार नवऱ्याच्या नावावर. भांडणानंतर नवऱ्याने व्हॉट्सॲपवर तलाक लिहून पाठवला आणि तो मीरा रोडला भावाकडे निघून गेला. घरमालक विचारतोय, भाडं कोण देणार? तिने काय करावे?

मारहाण झाली असेल किंवा होण्याची भीती असेल तर 112 वर फोन करावा. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, मुलांसाठी 1098. रात्री राहायला कोणीच नसेल तर 181 वर तसे स्पष्ट सांगावे. जिल्हा पातळीवरच्या 'सखी वन स्टॉप सेंटर'मध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. तिथेच डॉक्टर, समुपदेशक, वकील आणि पोलिसांशी गाठ घालून दिली जाते. त्याहून जास्त दिवस राहायचे असेल तर 'शक्ती सदन'सारख्या निवासगृहात व्यवस्था होऊ शकते.

जिवाला धोका नाही, पण घर तुटायला आले आहे, अशा वेळी पोलिसांकडे जायला आपल्या बायका घाबरतात. 'केस झाली तर नवरा आत जाईल, मग काय खायचं?' ही भीती खोटी नाही. पण पोलीस ठाण्यात पाऊल टाकले म्हणजे गुन्हा दाखल झाला, असे नसते. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये दोन्ही बाजूंना बोलावून समुपदेशन केले जाते. महाराष्ट्रात याची परंपराही जुनी आहे. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. खाकी वर्दीतल्या माणसाऐवजी प्रशिक्षित समाजसेविका बाईचे म्हणणे ऐकून घेते, ही तेव्हा नवी गोष्ट होती. नंतर हेच कक्ष राज्यभर उघडले गेले. वसई-विरार 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली येते. जवळचा कक्ष कुठे बसतो हे आपल्या हद्दीच्या ठाण्यात विचारावे. समेट झाला तर उत्तम. पण समेटाच्या नावाखाली तारखांवर तारखा पडू लागल्या तर तिथेच अडकून राहू नये. कोर्टाची वाट त्यासोबतच चालू ठेवता येते.

आता खोलीचा प्रश्न. 2005 च्या घरगुती हिंसाचारापासून संरक्षण कायद्याचे नाव ऐकले की लोकांना फक्त मारहाण आठवते. पण घरखर्च बंद करणे, दागिने काढून घेणे, घराबाहेर घालवणे हेसुद्धा या कायद्यात हिंसाचारातच मोडते. तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. ज्या घरात संसार केला तिथे राहण्याचा हक्क बाईला आहे, मग करार कोणाच्याही नावावर असो. पर्यायी खोली द्या किंवा भाडे भरा, असा आदेशही न्यायदंडाधिकारी नवऱ्याला देऊ शकतात. म्हणजे गिरीजच्या त्या घरमालकाच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे.

यासाठी 'संरक्षण अधिकारी' हे पद लक्षात ठेवावे. महिला व बालविकास विभागाचा हा अधिकारी बाईचे म्हणणे ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतो. त्याला घटनेचा अहवाल किंवा सरळ 'डीआयआर' म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे आपण सगळे जाणतो. म्हणून अर्जातच अंतरिम आदेश मागून घ्यावा. अर्ज बाई सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो. ती तात्पुरती माहेरी गेली असेल तर माहेरच्या तालुक्यातही.

'पण आमचा तलाक झालाय, आता हा कायदा कसा चालेल?' हे हमखास विचारले जाते. 2014 मध्ये मुंबईच्या एका मुस्लिम जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. बायकोने मुफ्तींकडून खुला घेतला होता. न्यायालयाने सांगितले की संसार चालू असताना झालेल्या हिंसाचाराबद्दल नंतरही दाद मागता येते, नाते संपले म्हणून मागच्या गोष्टी पुसल्या जात नाहीत.

खर्चाची बाजू यापेक्षा सोपी आहे, पण गैरसमज इथेच सर्वांत जास्त. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 म्हणजे पोटगीचे जुने कलम. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 144 झाले आहे. 'हे कलम आपल्याला लागू नाही, आपल्यासाठी 1986 चा वेगळा कायदा आहे' असे कोणी सांगितले तर 10 जुलै 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगावा. तेलंगणातून आलेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की तलाकशुदा मुस्लिम स्त्री या कलमाखाली पोटगी मागू शकते आणि 1986 चा कायदा त्याच्या आड येत नाही. अजून निकाहातच असलेल्या बायकोला तर हा मार्ग नेहमीच खुला होता. अंतरिम पोटगीचा अर्ज, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. 'माझा पगारच नाही' असे नुसते म्हणून नवऱ्याला सुटता येत नाही.

1986 च्या कायद्यालाही आम्ही कमी लेखत नाही. शाहबानो निकालानंतर तो आला, त्यावर पुष्कळ वाद झाला. पण 2001 मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जो अर्थ लावला, तो बाईच्या बाजूने जातो. नवऱ्याने रक्कम इद्दतच्या काळात द्यायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी वाजवी असली पाहिजे. याचा कोकणातला दाखला ताजा आहे. नवरा सौदीला नोकरीला, बायको चिपळूणला, एक मुलगी. 2008 मध्ये नवऱ्याने रजिस्टर्ड पोस्टाने तलाक पाठवला. चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी 1986 च्या कायद्याखाली बाईला एकरकमी 4 लाख 32 हजार रुपये मंजूर केले. खेडच्या सत्र न्यायालयाने ते 9 लाखांवर नेले. दरम्यान तिचा दुसरा निकाह झाला. नवरा म्हणाला, आता काही देणे लागत नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. ही रक्कम तलाकच्या वेळीच देणे होते, पुढे बाईने निकाह केला म्हणून ते बुडत नाही. कलम 144 ची दरमहा पोटगी मात्र पुनर्विवाहानंतर थांबते. या फरकामुळे कोणत्या कायद्याखाली अर्ज करायचा, हे वकिलाशी बोलून ठरवावे.

वकील म्हटले की फी आली, असे वाटते. इथे तसे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिच्याकडे बंगला असला तरी. मुलांनाही तसेच. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. साधा अर्ज, ओळखपत्र, बस. फोनवर विचारायचे तर 15100 हा टोल-फ्री क्रमांक आहे. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर समितीकडे लेखी तक्रार करावी. मुंबईत मुस्लिम स्त्रियांचे प्रश्न अनेक वर्षे हाताळणाऱ्या संस्थाही आहेत. आवाज-ए-निस्वाँ, भारतीय मुस्लिम महिला आंदोलन आणि स्त्रियांच्या कायदेशीर मदतीसाठी मजलिस ही त्यांतली काही नावे. त्यांच्या सगळ्याच भूमिका आपल्याला पटतील असे नाही. पण घाबरलेल्या बाईसोबत कोर्टात जाऊन बसणारे माणूस लागते, आणि ते त्यांच्याकडे मिळते.

मग जमातीचे काय? काही जण म्हणतात, घरची गोष्ट कोर्टात नेणे दीनच्या विरुद्ध. काही जण उलट टोकाला जाऊन जमातीत जाऊच नका म्हणतात. आम्हाला दोन्ही पटत नाही. सूरह निसाच्या 35व्या आयतीत नवऱ्याच्या घरचा एक आणि बायकोच्या घरची एक, अशा दोन मध्यस्थांची तजवीज सांगितली आहे. देशातल्या न्यायालयांनी हीच गोष्ट उचलून धरली. 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितले की 'मी तलाक दिला होता' एवढे कोर्टात म्हणून भागत नाही. तलाकला कारण होते, समेटाचा प्रयत्न झाला होता, हे नवऱ्याने सिद्ध करावे लागते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात तसेच म्हटले. म्हणजे मध्यस्थी ही शरीयतची अट आहे आणि कोर्टाचीही. आपल्या बैठकींत मात्र मध्यस्थ दोन्ही बाजूंचे नसतात. बहुतेकदा सगळे नवऱ्याच्या ओळखीचे, आणि बाई आतल्या खोलीत.

जमातीच्या किंवा दारुल-कझाच्या निर्णयाला कायद्याचे बळ नाही, हे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. दोघांनी राजीखुशीने मानला तर ठीक, कोणावर लादता येत नाही. त्यामुळे बैठकीत चांगले ठरले तरी काम अर्धेच होते. चार महिन्यांनी नवऱ्याने पैसे बंद केले तर त्या स्टॅम्पपेपरला कोण विचारतो? यावर एक साधा उपाय आहे आणि तो फारसा कोणी करत नाही. मेहेर, सामान, खर्च, मुलांच्या भेटी यांबद्दल जे ठरले ते विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत नेऊन नोंदवायचे. खटला दाखल नसला तरी हे करता येते. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

त्या स्टॅम्पपेपरबद्दल आणखी एक. 'मला मेहेर, पोटगी, सामान काही नको, मुलांचा खर्चही मागणार नाही' असा मजकूर आधीच टाइप करून आणलेला असतो आणि बाईला बोट दाखवून सही घेतली जाते. आमची विनंती आहे, त्या दिवशी सही करू नका. कागद घरी न्या, विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. मुलांचा खर्च हा तर मुलांचा हक्क आहे, आईला तो सोडता येत नाही. नूर सबा खातून खटल्यात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तलाकनंतरही मुस्लिम बापाला कलम 125 खाली मुलांचा खर्च द्यावाच लागतो.

आता तलाकचा प्रश्न घेऊ. व्हॉट्सॲपवर एका झटक्यात पाठवलेला तिहेरी तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आहे. निकाह कायम राहतो. असा तलाक देणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. तक्रार ती बाई किंवा तिचे नातेवाईक करू शकतात. याच कायद्यात तिला आणि मुलांना निर्वाह भत्ता आणि लहान मुलांचा ताबा मागण्याची तरतूद आहे. तक्रार करावी की नाही, हे बाईने ठरवावे. भावांच्या रागावर किंवा सासरच्या धाकावर ते ठरू नये. नवरा तुरुंगात गेला तर कमाई थांबेल, हा विचारही तिनेच तोलायचा आहे. तिच्या संमतीने अशी तक्रार मिटवताही येते.

बाईलाच वेगळे व्हायचे असेल तर तीन वाटा आहेत: खुला, दोघांच्या संमतीने मुबारात आणि कोर्टातून फस्ख. नवरा खुलाला तयार होत नाही म्हणून वर्षानुवर्षे लटकलेल्या बायका आपण पाहतो. त्यांच्यासाठी 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, चार वर्षे त्याचा पत्ता नाही, तीन वर्षे विनाकारण संसाराची जबाबदारी घेतली नाही किंवा तो क्रूरपणे वागतो, अशा कारणांवर कोर्ट निकाह संपवते. नवऱ्याची परवानगी लागत नाही. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे दिवाणी न्यायालय.

नवरा आखातात असेल तरी अर्ज इथेच करता येतो. नोटीस पोचवण्यासाठी त्याचा तिथला पत्ता, पासपोर्टची प्रत, कंपनीचे नाव जपून ठेवावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडेही तक्रार नोंदवता येते.

कागदांचे म्हणाल तर निकाहनामा सर्वांत आधी. तो नसेल तर ज्या काझींनी निकाह पढवला त्यांच्या किंवा जमातीच्या रजिस्टरमधून नक्कल घ्यावी. आधार, मुलांचे जन्मदाखले, फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, दागिन्यांचे फोटो आणि नवऱ्याचे मेसेज हे सगळे फोटो काढून बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवावे. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नये. आपल्याकडे निकाहआधी दावतची यादी चारदा तपासली जाते, निकाहनामा मात्र कोणी वाचत नाही. वसईतल्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे लग्नाआधी जोडप्यांचा वर्ग असतो. आपल्याकडेही मशिदीत असा एखादा वर्ग घ्यायला काय हरकत आहे?

मुलांच्या ताब्याबद्दल हनफी आणि शाफई मसलकांचे तपशील वेगळे आहेत. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, उत्तरेकडून आलेली कुटुंबे बहुतेक हनफी, त्यामुळे वसईत दोन्ही ऐकू येतात. कोर्ट मात्र 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे हित कशात आहे हे सर्वांत वर ठेवते. बापाला भेटीचा हक्क असतो. पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद, किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद, अशी अडवाअडवी दोन्हीकडून होते. यात मूल भरडले जाते आणि कोर्टातही अशा वागण्याचा उपयोग होत नाही.

सरकारी योजनांपैकी दोन खरोखर उपयोगी आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात. घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांबरोबरच घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांचाही त्यात समावेश आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार रुपये आहे, अर्ज तहसील कचेरीत. दुसरी बालसंगोपन योजना. एका पालकाच्या भरवशावर असलेल्या मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयामार्फत जातो. त्याच फेरीत रेशन कार्डावरून नाव वेगळे करण्याचा अर्जही देऊन यावा. पुढे प्रत्येक दाखल्याला तो लागतो.

पुरुषांबद्दल आपण कमी बोलतो. घर मोडलेला माणूस कामावर जातो, जमातीत दिसतो, पण रात्री एकटा असतो. दारू, कर्ज, नाही नाही ते विचार तिथून सुरू होतात. 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येते. बायकांना, पुरुषांना आणि नातवंडांची भेट तुटलेल्या आजी-आजोबांनाही.

आदेश झाल्यावर तारखा विसरू नका. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर केला तर वर्षापलीकडची थकबाकी या मार्गाने वसूल होत नाही. वेळेत अर्ज झाला तर न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पैसे रोख न घेता बँक खात्यातच घ्यावेत, म्हणजे कोणत्या महिन्याचे आले आणि कोणत्या महिन्याचे राहिले, हे पासबुकातच दिसते.